न लिहिलेली वही

शेंगदाण्याच्या पुडीवर माझंच अक्षर होतं.

२०१३ चा पावसाळा. लोणंदच्या बाजाराचा दिवस. कांद्याच्या पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता तुंबलेला, म्हणून माझ्या नेट कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. थोरल्याला गल्ल्यावर बसवून मी भाजी आणायला गेले आणि येताना पावशेर खारे शेंगदाणे घेतले. घरी पुडी सोडली, शेंगदाणे ताटलीत ओतले, कागद चुरगळणार तेवढ्यात निळ्या शाईतलं 'शिरवळ' हे नाव दिसलं. तसा 'ळ' मीच काढते.

कागद माझ्या कॅफेच्या रजिस्टरचा होता. पानावर अकरा ओळी. प्रत्येक ओळीत नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, मोबाइल, मशीन नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सही. माळा आवरताना मिस्टरांनी जुनी रजिस्टरं रद्दीत घातली होती, आणि तीही मला विचारून. मीच 'घाला' म्हटलं होतं. कायद्यानं वर्षभर ठेवायची होती, ते वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

तिसऱ्या ओळीत एका मुलीचं नाव होतं. महिनाभर रोज दुपारी दोनला यायची, कोपऱ्यातलं ३ नंबरचं मशीन मागायची. काय शोधायला यायची ते रजिस्टरात नव्हतं, पण मशीनच्या हिस्टरीत होतं आणि मला ठाऊक होतं. तिचं नाव, तिचा नंबर, तिची वेळ आता मिठाचे डाग पडून माझ्या हातात होती.

तशीच उठून बाजारात गेले. शेंगदाणेवाल्या मावशींकडे त्या गठ्ठ्यातली चौदा-पंधरा पानं उरली होती. त्यांना वर्तमानपत्रांचा गठ्ठा देऊन ती सोडवून आणली, बादलीत भिजत घातली, त्यांचा लगदा केला. बाकीची पानं कुणाकुणाच्या घरी गेली, कुणी वाचली, कुणी चुलीत घातली, याचा हिशेब आजवर लागलेला नाही.

इंटरनेटवर काही शोधताना आपली खाजगी बाब खाजगी कशी राहील, याबद्दल मला लिहायचं आहे. सुरुवात पुडीपासून केली, कारण त्या दिवशी जे कळलं ते पुढे कुठल्याही जाणकाराकडून मला इतकं सरळ ऐकायला मिळालं नाही. एकदा लिहिलेली वही, ठेवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतानाही, बाहेर जाते.

२००४ साली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी नेट कॅफे काढला. तीन मशीन, डायलअपची जोडणी, तासाला ३० रुपये. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पायऱ्यांवर रांग लागायची. एरवी पोलीस भरतीचे फॉर्म, परगावच्या भावाला ईमेल, नटनट्यांचे फोटो. कप्प्यांना सहा फुटी प्लायवूडच्या भिंती होत्या, कारण लोकांना आडोसा हवा असे.

मग एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम काढले. प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टर भरायचं, ते किमान एक वर्ष जपायचं. कोणत्या मशीनवरून कोणत्या वेबसाइट बघितल्या त्याची नोंदही वर्षभर ठेवायची. कप्प्याची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मी सुताराला बोलावून प्लायवूड कापून घेतलं. नियमामागचं कारण मला पटत होतं. कॅफेतून धमकीचे ईमेल जात होते, तपासाला धागा लागतो. पण त्या दिवसापासून मी नुसती कॅफेवाली राहिले नाही. अर्ध्या गावाची वही माझ्याकडे आली.

आणि त्या वहीत काय होतं? शोधाच्या त्या पांढऱ्या चौकटीत माणूस जे टाकतो ते तो दुसऱ्या कुठेच बोलत नाही. मी वीस वर्षं हे बघत आले आहे. आपल्याकडे डॉक्टर दिराच्या वर्गातला असतो, मेडिकलवाला भावकीतला, वकील सासऱ्यांच्या उठबशीतला. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलं तरी 'कुणाकडच्या गं तू?' हा प्रश्न आधी येतो. अशा गावात मूल होत नाही म्हणून, नवरा हात उचलतो म्हणून, कर्ज फिटत नाही म्हणून, अंगावर पांढरा डाग दिसतोय म्हणून माणूस कुणाला विचारणार? तो चौकटीला विचारतो. तिला नाक मुरडता येत नाही, आणि ती चुलत सासूला सांगायला जात नाही, असा त्याचा विश्वास असतो.

ती सांगते, हे मी कॅफेतच पहिल्यांदा पाहिलं. एका दुपारी दूध संघात काम करणारे एक दादा मशीनवर बसले आणि दोन अक्षरं टाइप केली. खाली यादी उघडली. सकाळी त्याच मशीनवर त्यांची भाची बसून गेली होती. तिनं शोधलेलं वाक्य पहिल्याच ओळीत होतं. दादांना ते कुणाचं हे कळलं नाही, पण मला कळलं आणि माझे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की मी ब्राउझरची हिस्टरी पुसायला लागले. नियमाची नोंद वेगळी राहायची, पण निदान पुढच्या माणसासमोर मागच्याचं मन उघडं पडत नव्हतं.

मशीनवरची हिस्टरी पुसली की झालं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ती माझी मोठी चूक. पुसली जाते ती आपल्याकडची प्रत. दुसरी प्रत तिकडे असते.

सर्च इंजिन कसं चालतं ते थोडक्यात सांगते. एक यंत्र रात्रंदिवस जगभरची पानं वाचत हिंडतं आणि त्यांची सूची करतं, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी, फक्त अब्जावधी पानांची. आपण शब्द टाकला की सूचीतून नेमकी पानं काढून आपल्यासमोर मांडायची. एवढ्या कामाला आपण कोण हे कळायची काही गरज नाही. तरीही आपल्या प्रश्नाबरोबर बरंच काही जातं. आपल्या जोडणीचा आयपी पत्ता जातो, त्यावरून साधारण गाव कळतं. फोन कोणता, वेळ काय, भाषा कोणती, हेही जातं. कुकी नावाची एक बारकी चिठ्ठी आपल्या फोनमध्ये ठेवलेली असते. पुढच्या वेळी ती दाखवली की कालचा माणूस तो हाच, हे ओळखलं जातं. आणि आपण खात्यात लॉगइन असलो तर नावगावासकट सगळंच.

हे साठवायचं कशाला? जाहिरातींसाठी. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचं २०२३ चं उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले सुमारे २३८ अब्ज जाहिरातींतून आले. आपण शोधाला पैसे देत नाही. पैसे देणारा जाहिरातदार असतो आणि त्याला आपण कोण हे जितकं नेमकं कळेल तितका तो जास्त मोजतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जे घडलं ते मी कॅफेत येणाऱ्या पोरापोरींना कितीदा तरी सांगितलं आहे. एओएल या तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपनीनं अभ्यासकांना उपयोग व्हावा म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले कोट्यवधी शोध जाहीर केले. हेतू चांगला होता. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला नुसता एक आकडा दिला होता. पण एका आकड्याखाली एका माणसाचे सगळे शोध एकत्र होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या दोन वार्ताहरांनी ४४१७७४९ हा आकडा उचलला. त्या व्यक्तीनं बोटांना मुंग्या येण्याबद्दल शोधलं होतं, साठीतल्या एकट्या पुरुषांबद्दल शोधलं होतं, घरभर घाण करणाऱ्या कुत्र्याबद्दल शोधलं होतं, जॉर्जिया राज्यातल्या लिलबर्न गावातले बागकाम करणारे शोधले होते, आणि एका आडनावाची माणसं शोधली होती. एवढ्यावरून वार्ताहर तिच्या दारात जाऊन उभे राहिले. ती ६२ वर्षांची विधवा होती, घरी तीन कुत्री. वार्ताहरांनी वाचून दाखवलेले शोध आपलेच असल्याचं तिनं सांगितलं. एओएलनं माहिती काही दिवसांत काढून घेतली, माफी मागितली, तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख अधिकारी पायउतार झाल्या. तोवर प्रती जगभर उतरवून घेतल्या गेल्या होत्या.

लिलबर्न हे लोणंदएवढंच गाव असावं असं मला ती बातमी वाचताना वाटलं होतं. गावाचं नाव आणि एक आडनाव, संपलं. आपल्याकडे तर एवढंही लागत नाही. 'लोणंद ते तरडगाव एसटी वेळ', 'कापडगावची जमीन मोजणी', 'मुलगी ऐकू येत नाही शाळा' हे तीन शोध एकाखाली एक ठेवा. पंचक्रोशीतला कुणीही घर दाखवेल.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे २०१९ मध्ये झालं. अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात फोन घेऊन मी शोधत बसले. गाठ कशी असते, दुखत नसेल तर काय, साताऱ्यात कुठे दाखवायचं, पुण्यात कुठे. दोन-तीन व्हिडिओ आवाज बंद करून बघितले. मिस्टरांनाही बोलले नव्हते. आधी तपासणी होऊ दे, मग बघू, असं ठरवलं होतं. चार दिवसांनी संध्याकाळी दिवाणखान्यात आत्या, जाऊबाई आणि मुलं टीव्हीसमोर बसली होती. धाकट्यानं कीर्तन लावायला टीव्हीवर व्हिडिओचं पान उघडलं आणि वरच्या रांगेत एकाला एक लागून स्तनाच्या गाठींचे व्हिडिओ आले. टीव्हीत माझंच खातं चालू होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, "कुणाला काय झालंय गं?"

गाठ साधी निघाली. पण त्या संध्याकाळबद्दल मला अजून राग आहे. घरच्यांना सांगायचं होतंच. कधी, कोणत्या शब्दांत, आधी कुणाला, हे मी ठरवणार होते. तेवढा एकच निर्णय माझ्या हातात होता आणि तो कुणीतरी माझ्या वतीनं घेऊन टाकला. मागे नेमकी कोणती कंपनी होती ते शोधत बसण्यात अर्थ नव्हता. मी शोधायची पद्धतच बदलली.

खाजगी सर्च इंजिन म्हणजे वही न ठेवणारं दुकान. आपण विचारतो, ते उत्तर देतं, आपण निघालो की आपण आल्याची खूण ठेवत नाही. सगळ्यांत माहितीतलं नाव डकडकगो. गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी २००८ मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सुरू केलं. त्यांच्या धोरणानुसार शोधाबरोबर आयपी पत्ता किंवा माणूस ओळखता येईल अशी कोणतीही खूण साठवली जात नाही. मग त्यांचं पोट कशावर चालतं, असं कुणीही विचारेल. जाहिरातींवरच. फरक एवढाच की जाहिरात शब्दाला लागते, माणसाला नाही. मी 'कांदा चाळ' टाकलं तर चाळीच्या लोखंडी सांगाड्याची जाहिरात दिसू शकते. उद्या भजन ऐकताना ती चाळ माझ्या मागे येत नाही, कारण काल चाळ विचारणारी बाई ती मीच, हे तिकडे कुणाला माहीत नसतं. वर्तमानपत्रात शेतीच्या पानावर बियाण्याची जाहिरात असते, तसंच हे. पान बघून लावलेली, वाचणाऱ्याचा माग काढून नव्हे.

दुसरं स्टार्टपेज, नेदरलँड्समधलं. ते आपला प्रश्न घेतं, आपली ओळख पुसतं, स्वतःच्या नावानं गूगलकडे जातं आणि उत्तर आणून देतं. थोडक्यात, मेडिकलमध्ये आपण न जाता शेजारच्या विश्वासू पोराला पाठवावं तसं. त्यात एक सोय मला फार आवडते. निकालातलं पानही त्यांच्याच मार्फत उघडता येतं, म्हणजे त्या वेबसाइटलाही आपण दिसत नाही. तिसरं ब्रेव्ह सर्च, २०२१ मध्ये आलं. त्याची सूची स्वतःची आहे. फ्रान्सचं क्वांट, इंग्लंडचं मोजीक अशी आणखीही आहेत, पण मराठी माणसाच्या रोजच्या कामाला पहिली तीन पुरतात.

आता यांच्यात कमी काय तेही सांगायला हवं. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, आणि मराठीत टाकलेल्या शोधाला ते कितीदा तरी तोकडे पडतात. 'लोणंद मार्केट आजचा गरवा कांदा भाव' टाकलं तर जे लगेच हवं ते पहिल्या पानावर सापडेल याची खात्री नसते. अशा वेळी मी स्टार्टपेज वापरते. आणि कांद्याचा भाव विचारताना लपवायचं तरी काय आहे? सरळ नेहमीच्या इंजिनावर गेलं तरी चालतं. शेतावरच्या साध्या कामाला आणि घरातल्या दुखण्याला एकच दार हवं असा काही नियम नाही.

विश्वासाचाही प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये एका संशोधकानं दाखवून दिलं की डकडकगोच्या मोबाइल ब्राउझरमध्ये बाकीच्यांचे माग काढणारे धागे अडवले जात होते, पण मायक्रोसॉफ्टचे काही सुटत होते. दोघांमधला करार त्याच्या मुळाशी होता. खूप टीका झाली आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं तेही अडवायला सुरुवात केली. हा दोष ब्राउझरचा होता, शोधाच्या पानाचा नव्हता, तरी मला तो लक्षात ठेवण्यासारखा वाटतो. 'आम्ही वही ठेवत नाही' असं सांगणाऱ्यालाही कुणीतरी अधूनमधून गल्ल्याआड डोकावून विचारावं लागतं. कुणीतरी तपासतंय आणि चूक चव्हाट्यावर आली की सुधारली जातेय, एवढं दिसलं तर मी त्या दुकानात जाते.

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'इन्कॉग्निटो'वरून. काळी खिडकी उघडली की आपण अदृश्य, असं पोरं छातीठोक सांगतात. तसं नाही. त्या खिडकीमुळे फक्त आपल्या फोनवर हिस्टरी राहत नाही. समोरच्या वेबसाइटला आपण दिसतोच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन अशा खिडक्यांतून गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीनं मान्य केलं. खाजगी सर्च इंजिनचं बरोबर उलटं असतं. ते तिकडे वही ठेवत नाही, पण आपल्या फोनच्या हिस्टरीत आपण टाकलेले शब्द तसेच राहतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी भिंती दोन आहेत असं सांगते. एक घरातल्या डोळ्यांसाठी, एक कंपनीच्या डोळ्यांसाठी. फोन सासू-नणंदेच्या हातात जात असेल तर काळी खिडकी उघडा आणि तिच्यात खाजगी इंजिन लावा. दोन्ही भिंती उभ्या राहतात.

तरी घर बंद झालं असं समजू नये. आपण डकडकगोवर गेलो हे जोडणी देणाऱ्या कंपनीला कळू शकतं. प्रश्न कुलूपबंद होऊन जात असल्यामुळे काय विचारलं ते मात्र कळत नाही. निकालातल्या वेबसाइटवर बोट ठेवलं की पुढचं त्या वेबसाइटच्या मर्जीवर. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टिम लिबर्ट या अभ्यासकानं आरोग्याविषयीची सुमारे ८०,००० पानं तपासली. त्यांतल्या दहापैकी नऊ पानांवरून वाचणाऱ्याची माहिती तिसऱ्याच कुणाकडे जात होती. तेव्हा दुखण्याबद्दल वाचायचं असेल तर स्टार्टपेजची ती मार्फत उघडायची सोय वापरावी, किंवा जाहिराती नसलेल्या विकिपीडियासारख्या ठिकाणी जावं. आणि क्रोममध्ये आपण खात्यात असलो, हिस्टरी सिंक चालू असली, तर इंजिन कितीही खाजगी असो, आपण उघडलेल्या पानांचे पत्ते खात्यात जाऊन बसतात. शोधाचे शब्दही बहुधा त्या पत्त्यातच असतात. माझ्या टीव्हीचं कोडं मला याच वाटेनं उलगडलं. टीव्हीतून मी माझं खातं काढलं ते तेव्हाच.

बदल करायला पाच मिनिटं लागतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन निवडायची जागा असते. तिथे यादी उघडून हवं ते नाव निवडायचं. यादीत नसेल तर त्या वेबसाइटवर एकदा जाऊन काहीतरी शोधून यायचं, मग ते दिसायला लागतं. ज्यांना जमेल त्यांनी फायरफॉक्ससारखा वेगळा ब्राउझर घ्यावा, खात्यात लॉगइन न करता. नेहमीचं इंजिन सोडवत नसेल तर निदान खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेब आणि ॲपच्या नोंदी बंद कराव्यात, किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसायला सांगावं. हे सगळं फुकट आहे. तरी हजारात एखादाच करतो, कारण फोनमध्ये जे आधीपासून असतं तेच आपण वापरत राहतो. याची किंमत कंपन्यांना पक्की ठाऊक आहे. आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून असावं म्हणून गूगलनं ॲपलला एकट्या २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. पुढच्या जानेवारीत कंपनीनं सांगितलं की भारतात नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना इंजिन निवडायचा पर्याय समोर येईल. दुकानदारानं 'थांबा, मी सेट करून देतो' म्हटलं तरी त्या वेळी फोन आपल्या हातात घ्या आणि ते पान स्वतः वाचा.

खाजगी इंजिन आपल्याला चोरांपासून वाचवत नाही, हे मात्र ठासून सांगते. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे फोन नंबर गूगल मॅप्सवर भामट्यांनी बदलले होते. ग्राहक बँक समजून चोराला फोन करत आणि कार्डाची माहिती देऊन बसत. महाराष्ट्र सायबरकडे त्याच्या तक्रारी गेल्या. असा नंबर कुठल्याही इंजिनात येऊ शकतो. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, सरकारी योजनेचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इननं संपतो का ते बघावं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या फॉर्मसाठी माझ्या केंद्रावर रात्री दहापर्यंत बायका बसून होत्या, तेव्हा मी दारावर हेच कागदावर लिहून चिकटवलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

कुणी म्हणतं, आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? मला या बोलण्याचा त्रास होतो. कारण ३ नंबरच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीनं काहीही वाईट केलं नव्हतं, आणि मीही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी ती याचिका केली होती. नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते, धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाचे हक्क स्थगित असताना त्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा जो निकाल लागला होता, त्यात धनंजय यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमताच्या बाजूला होते. मुलानं या निकालपत्रात तो चुकीचा ठरवला. मला कायद्यातलं फार कळत नाही, पण ते वाचून मी कॅफेत एकटीच उभी राहिले होते. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात. चांगलं आहे. पण दंड होतो तो पान बाहेर गेल्यावर. शेंगदाणेवाल्या मावशींकडून पंधरा पानं परत आणता आली, बाकीची नाही.

आता कॅफे असा राहिलेला नाही. फोन हातोहाती आले, २०१७ नंतर मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झेरॉक्स. पण कोपऱ्यातलं एक मशीन मी ठेवलं आहे. त्यावर फायरफॉक्स आहे, डकडकगो लावलेलं आहे, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. मशीनचा स्क्रीन भिंतीकडे वळवलेला नाही, नियम नियम आहे, पण मी त्या बाजूला बसत नाही.

गेल्या आषाढवारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी होती. दुपारी एक आबा आत आले, पांढरी टोपी, पाय सुजलेले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, नेटवर बघून सांगशील का काय? पोरांस्नी न्हाय विचारायचं मला."

मी त्यांना कोपऱ्यातल्या मशीनपाशी नेलं.

"हे लिवून ठिवतंय का कुठं?"

"नाही आबा."

"आन् तू?"

"मीही नाही."

ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग वाकून माझ्या कानाशी बोलले. मी टाइप केलं, मराठीत धड सापडेना, स्टार्टपेजवर गेले, दोन पानं वाचून दाखवली, एका सरकारी रुग्णालयाच्या विभागाचं नाव त्यांना लिहून दिलं. ती चिठ्ठी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. दहा रुपये पुढे केले, मी घेतले नाहीत. बाहेर दिंड्यांची वर्दळ होती. त्यात ते मिसळून गेले. त्यांनी काय विचारलं ते मी इथे लिहीत नाही.